बाहेर खरा पाऊस आणि घरात कापसाचे ढग

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लहान मुलांसाठी 'पावसाळी क्राफ्ट' असं पान आलं होतं, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. कापसाचे ढग, निळी ग्लिटर शीट, गूगली आईज (हलणाऱ्या बुबुळांचे प्लास्टिकचे डोळे) आणि हे सगळं चिकटवायला ग्लू गन, म्हणजे तापवलेला गोंद सोडणारं यंत्र. वय लिहिलंय ३ ते ६. आता चार वर्षांच्या पोराच्या हातात ग्लू गन कोण देणार? म्हणजे करणार आई, आणि मूल शेजारी बसून 'मी लावू? मी लावू?' करत राहणार आणि शेवटी त्याला एक डोळा चिकटवायला मिळणार.

तुमच्यावर राग नाही, शाळांमध्येही हेच चाललंय. रात्री आठ-साडेआठला व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो की उद्या रेनी सीझन ॲक्टिव्हिटी, फोम शीट, सॅटिन रिबन आणि आइस्क्रीमच्या काड्या पाठवा, मग कोणीतरी बंद होत आलेल्या स्टेशनरीच्या दुकानाकडे पळतं, तिथे आधीच चार आया उभ्या असतात. काही दुकानांत तर आता तयार छत्री, तयार बेडूक, तयार ढग असं पाकीटच मिळतं, फक्त नाव घालायचं. मी बरीच वर्षं बालवाडी चालवली, आता नातीला सांभाळते, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात आणि मला सरळ वाटतं की ज्या क्राफ्टला बाजारात जावं लागतं ते सहा वर्षांच्या आतल्या मुलांना देऊच नये. ऋतू स्वतः एवढं सामान दारात आणून टाकतो.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, नंतर १९४५ ला बोर्डीत (आताचा पालघर जिल्हा) ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तिथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, पुढे काम कोसबाडला आदिवासी पाड्यांमध्ये गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे कुठून परवडणार, म्हणून खडे, शिंपले, पानं, फुलं, बिया हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी ही कल्पना तिथलीच. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती नंतर, १९७५ मध्ये. आता २०२३ ला केंद्र सरकारने 'जादुई पिटारा' काढला, त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या सगळं आहे आणि चांगलंच आहे, पण पालघरच्या पाड्यावर हे शहाणपण तेव्हाच होतं आणि आपण शहरातले शिकलेले लोक गूगली आईज शोधत फिरतोय याची गंमत वाटते.

आता नुसती तक्रार नको म्हणून सांगते काय काय होऊ शकतं.

पावसाळ्याचंच घ्या. सरळ भिंतींचा कुठलाही डबा किंवा ग्लास घ्यायचा (कोल्ड्रिंकची बाटली घेतली तर वरचा निमुळता भाग कापायचा आणि बुडाशी खळगे असतात म्हणून खडे टाकून त्यावर थोडं पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची). बाहेरून कागदाची उभी पट्टी लावायची, तिच्यावर सेलोटेप म्हणजे भिजणार नाही. गच्चीत मोकळ्या जागी ठेवायचा, झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको. सकाळी साडेआठला बघायचं पाणी कुठपर्यंत आलं. साडेआठच का, तर हवामान खातंही पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच मोजतं. आणि तोंड रुंद असो की अरुंद, डबा सरळ असेल तर पाण्याची उंची तीच येते, तोच मिलिमीटरमधला पाऊस. लहान मुलांना मिलिमीटर कळायची गरजच नाही, त्यांनी नुसती त्या उंचीची रंगीत पट्टी कापून भिंतीवर रोज एकाशेजारी एक चिकटवायची. कात्रीची प्रॅक्टिस झाली, कमी-जास्त कळलं, आणि जुलै संपेपर्यंत भिंतीवर अख्खा महिना उभा राहतो. मोठं भावंड असेल तर ते तुमच्या पेपरातला आकडा वाचून दाखवेल, मग आपल्याकडे कमी का पडला यावर भांडणं होतील, होऊ द्या.

गौरी-गणपतीच्या सुमारास तेरडा येतो, आपण त्याच्या तीन दिवसांच्या रंगाचंच कौतुक करतो पण त्याची पिकलेली बोंडं बोटाने हलकेच दाबली की फट्कन फुटतात आणि बिया उडतात, हे एकदा दाखवा, मूल तासभर तिथून हलणार नाही. मातीचे बैल तर श्रावणातल्या अमावास्येला घरोघर होतातच, विदर्भात तान्हा पोळ्याला लाकडी बैल असतो. बैल बैलासारखा नाही झाला तरी चालतो हो! आमच्याकडे काही आया मुलाचा बैल मोडून परत नीट करून द्यायच्या, त्यांना मी ओरडायचे.

नवरात्रातला घट ही तर मला सगळ्यात सुंदर ॲक्टिव्हिटी वाटते आणि आपण तिला ॲक्टिव्हिटी समजतच नाही. माती, त्यात गहू-ज्वारी पेरायचं, रोज थोडं पाणी. देवघरात उजेड कमी म्हणून अंकुर पिवळसर आणि लांबच लांब येतात. आता त्याच दिवशी मुलाच्या हाताने करवंटीत तेच गहू पेरून खिडकीत ठेवायचे. ते येणार हिरवेगार आणि बुटके. मूल स्वतःच विचारतं की हे पिवळे का. उत्तर लगेच द्यायचं नाही! पिवळ्यातले थोडे उचलून उन्हाच्या खिडकीत ठेवायला सांगायचं, एक-दोन दिवसांत ते हिरवे व्हायला लागतात. कुठलाही व्हिडिओ न दाखवता मुलाला कळतं की झाडाला उजेड लागतो, आणि ते कायमचं कळतं.

दिवाळीच्या किल्ल्याबद्दल काय सांगायचं, पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांना मी शिकवायला नको. फक्त एवढंच की हल्ली तयार प्लास्टरचे किल्ले विकायला आहेत, ते कृपा करून घेऊ नका. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर पाटावर करा, पोतं ओलं करून, माती लिंपून. अळीव पाच-सहा दिवस आधी टाका, भिजले की बुळबुळीत होऊन मातीला चिकटून बसतात त्यामुळे उतारावरून घसरत नाहीत, आणि दोन-तीन दिवसांत मोड. अगदीच नाही जमलं तर अंड्याच्या टरफलावर नाक-डोळे काढा, आत ओला कापूस, त्यावर अळीव. हिरवे केस येतात. मग मुलाच्या हातात कात्री देऊन त्याची हजामत करायची, माझ्या बालवाडीत याच्याइतकी लाइन दुसऱ्या कशाला लागायची नाही.

पुढचं भराभर सांगते. फाल्गुनात पळसाची फुलं रात्री पाण्यात घातली की सकाळी केशरी पाणी, होळीला तोच रंग. उन्हाळ्यात चिंचोके, मोजायला, ओळी लावायला, फोडून एक बाजू पांढरी एक बाजू काळी असे फासे करायला. कोकणात माडाच्या पातीची भिरभिरी, घड्याळं, पिपाण्या. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस असतो, कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्याला, नागपुरात शेवटच्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या आसपास (नागपुरात थोडं आधी) सरळ उभी काठी सावलीच पाडत नाही. त्याआधी थोडे दिवस खडूने काठीची सावली रोज त्याच वेळी फरशीवर काढत गेलं तर ती आखूड होत होत गायब होते, मुलं वेडी होतात.

एक काळजी मात्र घ्या. लहान मुलं बी नाकात किंवा कानात घालतात, हे होतंच, त्यामुळे तीन वर्षांच्या आतल्यांना चिंचोके-राजमा असलं काही हातात देऊन दुसऱ्या खोलीत जायचं नाही. आणि गुंजा दिसायला कितीही गोड असल्या तरी विषारी असतात, कण्हेरही तशीच, ती दोन्ही क्राफ्टच्या टोपलीत नकोतच. बाकी झाडाचं पान-फूल शक्यतो खाली पडलेलंच उचलायचं, सोसायटीतल्या काकांशी वाद टळतात.

लोक म्हणतील नोकरी करणाऱ्या आईबापांना एवढा वेळ कुठे आहे. पण ग्लू गन घेऊन रात्री अकरापर्यंत बसायला वेळ निघतोच ना, आणि वरच्यातल्या बहुतेक गोष्टींना सकाळची पाच मिनिटं लागतात. एकच आहे की प्रदर्शनात मांडायला छान दिसत नाही. करवंटीतले गहू फोटोत काय दिसणार! शाळांची खरी अडचण तीच आहे, त्यांना दुसऱ्या दिवशी इन्स्टावर टाकायला काहीतरी लागतं. राज्यात २०१८ ला प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली तरी प्रोजेक्टच्या नावाने थर्माकोलचे तुकडे अजून घरात येतातच, ते याच हौसेपायी.

तर माझ्या विनंत्या दोनच. एक, पुरवणीतलं मुलांचं पान सणाच्या दिवशी न देता आठ दिवस आधी द्या, दिवाळीच्या दिवशी पेपर उघडून वाचलं तर किल्ल्यावर अळीव टाकायला उशीर झालेला असतो, आणि सामानात घरात किंवा रस्त्यात न मिळणारं काही असेल तर ते छापूच नका. दुसरी, पावसाळ्यात गावोगावच्या पावसाचे आकडे आतल्या पानावर बारीक टाइपात येतात, ते जून ते सप्टेंबर मुलांच्या पानावर मोठ्या अक्षरात द्या. त्या चौकटीखाली एक रिकामी चौकट ठेवा, 'आमच्या डब्यात किती' असं लिहून.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका (आणि आजी),
डोंबिवली पूर्व