फाटकाला कुलूप लावून उशीर थांबत नाही, मंत्रीमहोदय

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल माझी दहावीतली मुलगी शाळेत चार मिनिटं उशिरा पोचली. फाटकाला कुलूप. वॉचमनकाका तिच्याकडे न बघताच म्हणाले, "वरून ऑर्डर आहे, बाळा." आत गणिताची चाचणी सुरू, आणि ही बाहेर पायरीवर दप्तर मांडीत घेऊन बसलेली. दुसऱ्या तासाला आत घेतलं, ते डायरीत लाल शेरा मारायला: 'वारंवार उशीर. पालकांनी लक्ष द्यावे.' चाचणीत शून्य.

लक्ष देतेच की! पहाटे साडेपाचला मीच हलवून उठवते तिला. पोर दात घासताना उभ्या उभ्या पेंगते. रात्री क्लास, गृहपाठ, प्रोजेक्ट. अकराच्या आत आमच्या घरातला दिवा मालवत नाही. काल मुख्याध्यापकांसमोर उभं राहून सही करून कामावर पोचेपर्यंत माझा अर्ध्या दिवसाचा पगार गेला. वर ऐकून काय घेतलं, तर 'आईचा धाक नाही.' तो शेरा मी कोणाच्या डायरीत लिहू?

उशीर झाला म्हणून एकाही मुलाला वर्गाबाहेर ठेवणार नाही, असं गेल्या वर्षी आपणच जाहीर केलं होतं. परिपत्रक कुठे अडलंय? खात्याला विचारलं तर काही महिन्यांनी उत्तर आलं, 'प्रकरण विचाराधीन आहे.' या उत्तराला लेट मार्क नाही, बरं का.

हा आळस नाही, साहेब. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. मुलाला नऊला आडवं केलं तरी डोळा लागत नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं, साडेआठच्या आधी शाळा नको. कॅलिफोर्नियाने हायस्कुलांसाठी तसा कायदा केला, २०२२ पासून लागूही केला. सिएटलमध्ये २०१६ साली हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तर मुलांची झोप अर्ध्या तासाने वाढली, आणि गरीब वस्तीतल्या शाळेत पहिल्या तासाचे उशीर घटले. कुलूप न लावता!

आपल्याकडे मात्र सातची घंटा म्हणजे जणू दैवी आज्ञा. पाठ्यपुस्तकं सत्र सुरू झाल्यावर उगवतात, निकाल लांबतात, शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. शिक्षकच नसलेल्या तासाला वेळेवर पोचण्याची सक्ती! शिस्त फक्त खालच्याला. वरचा उशिरा आला की त्याला 'व्यस्त कार्यक्रम' म्हणतात.

मागणं थोडंच आहे. फाटकं उघडी ठेवा. उशिरा आलेल्याला वर्गात बसू द्या, कारण नंतर विचारा. वारंवार उशीर होत असेल तर घरी धाकटी भावंडं सांभाळावी लागतात का, बस मिळत नाही का, याची चौकशी करा. माझ्या मुलीची चाचणी पुन्हा घ्या. आणि हायस्कूलचा पहिला तास साडेआठला ठेवा.

उत्तर 'विचाराधीन' एवढंच असेल तर ते पाठवूही नका, आधीचं जपून ठेवलंय.

आपली,
एक पालक