मोटारींच्या जाहिरातींत काय बदलले ते छापावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुष्य नक्षत्र आणि धनत्रयोदशी जवळ आली की इंदूरच्या वृत्तपत्रांची पाने मोटारींच्या जाहिरातींनी भरतात. त्यांच्याविषयी वाचकांत एक सूर नेहमी ऐकू येतो : हे फोटो कॉम्प्युटरवर बनवलेले, म्हणजे सगळे खोटेच. आम्ही वाहनांचे जाहिरात-छायाचित्रण आणि रीटचिंग (काढलेल्या फोटोवर संगणकात नंतर केलेली दुरुस्ती) करतो. हा सूर अर्धाच बरोबर आहे आणि त्याच्या चुकीच्या अर्ध्यामुळे खरी फसवणूक नजरेआड राहते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

मोटारीवर नुसते दिवे रोखून तिचा चांगला फोटो येत नाही. रंगावरचा पारदर्शक क्लिअरकोट घासलेल्या पितळी तांब्यासारखा असतो. समोर जे असेल तेच तो दाखवतो. शोरूममध्ये उभ्या गाडीचा मोबाइलवर फोटो काढून पाहावा. बोनेटवर छतातल्या एलईडी पॅनेलचे चौकोन, दारावर समोरचे काउंटर आणि फोटो काढणारा माणूस, एवढे सगळे त्यात येते आणि गाडीचा आकार हरवतो. म्हणून स्टुडिओतली प्रकाशयोजना म्हणजे गाडीच्या अंगात काय दिसू द्यायचे आणि काय नाही, हे ठरवणे.

४ मीटरच्या गाडीसाठी निदान २० फूट बाय १२ फुटांचे पांढरे कापड चौकटीवर ताणून टपाच्या चार-पाच फूट वर आडवे टांगतात. मोठ्या स्टुडिओंत ते याच्या दुप्पटही असते. बोनेट आणि टप बाहेरून फुगीर असल्याने त्यांत प्रतिबिंब आकसते. कापड गाडीएवढेच असेल तर त्याची कडा बोनेटच्या मध्यावर कापल्यासारखी दिसते. दिवे कापडाच्या वर, पाच-सहा फूट अंतरावर ठेवतात. ते जवळ आणले की सलग उजेडाऐवजी गोल डाग पडतात. कापडाला मधोमध शिवण असेल तर ती टपावर रेघ होऊन उतरते आणि चुणी राहिली तर काळ्या गाडीत ती पत्र्याला पोचा पडल्यासारखी दिसते. चौकट एका बाजूने थोडी कलती केली की उजेड हळूहळू विरत जातो, आणि हेडलॅम्पपासून टेललॅम्पपर्यंत एक स्वच्छ रेघ उमटते. गाडीचा घाट डोळ्याला कळतो तो या रेघेमुळे.

काळ्या गाडीला पांढरे कापड दाखवावे लागते, तर पांढऱ्या गाडीला दोन्ही बाजूंनी काळे. नाहीतर पांढऱ्या गाडीच्या कडा पांढऱ्या भिंतीत विरघळून जातात. मेटॅलिक रंग सर्वांत त्रासाचा. त्यातले धातूचे कण कोन बदलला की उजळ किंवा काळपट दिसतात, त्यामुळे एकाच गाडीची दोन दारे दोन छटांची येऊ शकतात.

कॅमेरा ट्रायपॉडवर, साधारण हेडलॅम्पच्या उंचीला, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ ८ ते एफ ११. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स लावून सुमारे १२ मीटरवरून घेतलेल्या चित्रात गाडीची प्रमाणे खरी राहतात. तीच गाडी २४ मिमी लेन्सने साडेतीन मीटरवरून घेतली तर चौकटीत तेवढीच बसते, पण पुढचे चाक आणि बंपर राक्षसी होतात आणि मागचा भाग लहानखुरा. हा बदल फोटोशॉपशिवाय होतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पोलरायझर (लेन्सवर बसणारी, चमक गाळणारी काच) लावून फिरवला की काचेवरची आणि क्लिअरकोटवरची चमक कमी होते; क्रोमवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. एकाच कोनात तो सगळीकडे सारखा चालत नाही, म्हणून बोनेटसाठी एक, दारांसाठी दुसरी आणि पुढच्या काचेसाठी तिसरी अशा वेगळ्या फ्रेम घेतात. मोकळ्या आकाशाखाली त्याचा एक तोटाही दिसतो. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुधा टफन्ड (तापवून झटकन थंड करून कणखर केलेल्या) असतात आणि पोलरायझरमधून त्यांच्यावर ठिपक्यांची जाळी उमटते. ती काच बनवताना राहिलेल्या ताणाची खूण आहे, काच खराब असल्याची नव्हे.

चाकांसाठी आणि दिव्यांसाठीही वेगळ्या फ्रेम लागतात. अशा दहा-पंधरा फ्रेम कॅमेरा तसूभरही न हलवता घ्यायच्या, १६ बिटमध्ये (छटांची नोंद जास्त बारीक राहते अशा रीतीने) उघडायच्या, प्रत्येक पत्र्याची कड पेन टूलने आखायची आणि मास्क लावून (नको तो भाग झाकून) चांगला भाग तेवढा ठेवायचा. मग धूळ, बोटांचे ठसे, कापडाच्या चौकटीची सावली काढायची. ८ बिटमध्ये काम केले तर उजेड विरत जातो तिथे पायऱ्या पडतात. त्या मोडायला शेवटी बारीक दाणा मिसळावा लागतो. याला आम्ही खोटेपणा मानत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये तीच गाडी, तोच पत्रा असतो. कोणत्याही एका क्षणी सगळे पत्रे इतके नीट दिसत नाहीत, एवढाच फरक.

उघड्यावरच्या चित्रांचेही तसेच. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. टप पांढराफटक आणि दारे काळोखात. म्हणून सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटे गाठायची. तेव्हा आकाशच ते टांगलेले कापड होते. धावत्या गाडीचे चित्र तर बहुधा चालण्याच्या वेगाने घेतलेले असते. गाडीला सक्शन कपांनी १५-२० फुटी दांडा बसवतात, त्याच्या टोकाला कॅमेरा, इंजिन बंद आणि मागून ढकलायला माणसे. ताशी ५ किमी वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १.४ मीटर सरकते. शटर तेवढा वेळ उघडे ठेवले की रस्ता फरफटतो, चाके फिरलेली दिसतात आणि गाडी धारदार राहते. इंजिन चालू ठेवले तर दांडा थरथरतो आणि सगळेच अस्पष्ट होते. नंतर दांडा, त्याची सावली आणि बोनेटमधले त्याचे प्रतिबिंब पुसतात. मात्र ज्या चित्रातून वेगाचा दावा केला आहे, ते चित्र असे बनलेले असेल तर तसे सांगायला हवे.

आमच्या मते रेषा इथे आहे : दिसण्याची सोय केली तर चालेल, पत्र्याचे माप बदलले तर नाही. चाके चारपाच टक्क्यांनी फुगवायची, सस्पेन्शन खाली दबल्यासारखे दाखवून चाक आणि मडगार्डमधली फट बुजवायची, गाडी लांबीत ताणायची, दारांच्या फटी एकसारख्या करायच्या, हे रीटचिंग फसवणुकीचे आहे. त्याहून सर्रास चालते ते म्हणजे चित्र सर्वांत वरच्या मॉडेलचे आणि ठळक किंमत सर्वांत खालच्या मॉडेलची.

चाकांचा खोटेपणा वाचक घरी पट्टीने पकडू शकतात. चित्र अगदी बाजूने घेतलेले हवे. मागच्या चाकाचा टायरसह व्यास आडवा मोजा, कारण खाली टायर दबलेला असतो. मग दोन्ही चाकांच्या मध्यांमधले अंतर मोजा आणि अंतराला व्यासाने भागा. माहितीपत्रकात व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर) २४५० मिमी आणि टायर १८५/६५ आर १५ असेल, तर टायरचा व्यास ६२१ मिमीच्या आसपास येतो (१५ इंच म्हणजे ३८१ मिमी, अधिक १८५ च्या ६५ टक्क्यांची दुप्पट). गुणोत्तर ३.९४. पानावर ते ३.७५ निघाले तर चाके सुमारे ५ टक्के मोठी केलेली आहेत.

हा रोग फोटोशॉपने आणला असे मानू नये. फोटोशॉप १९९० मध्ये आले. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉन्टियाकच्या जाहिरातींसाठी आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन हे चित्रकार गाड्या प्रत्यक्षाहून कितीतरी रुंद रंगवत. त्याच काळात जनरल मोटर्स आणि लिबी-ओवेन्स-फोर्ड यांच्या जाहिरातींत काच किती नितळ आहे हे दाखवताना काच चक्क खाली केलेली होती, आणि ते प्रकरण तिथल्या व्यापार आयोगापुढे आणि न्यायालयात गेले. १९९० मध्ये व्होल्वोच्या जाहिरातीत राक्षसी ट्रक गाड्यांवरून चालवला होता. व्होल्वोची गाडी आतून मजबूत केलेली आणि इतर गाड्यांचे टप पेलणारे खांब कमजोर केलेले निघाले. कंपनी आणि जाहिरातसंस्था दोघांना दीड-दीड लाख डॉलर भरावे लागले.

आता बरीच चित्रे गाडीचा फोटो न काढताच तयार होतात. कारखान्याच्या संगणकीय आराखड्यावरून गाडी उभी करायची, ठिकाणाचा चहूबाजूंचा उजेड वेगवेगळ्या एक्स्पोजरमध्ये टिपून तिच्यावर चढवायचा. पद्धत उत्तम आहे, पण आराखड्यातल्या फटी काटेकोर सारख्या असतात आणि कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या नसतात. स्थानिक विक्रेते राजवाड्यासमोर गाडी चिकटवतात, तिथे चूक सहज दिसते : वाड्यावर ऊन डावीकडून आणि गाडीची सावलीही डावीकडेच.

रंगाविषयी एक गोष्ट आपल्या छपाईच्या बाजूची. वृत्तपत्राच्या कागदावर चारही शायांच्या (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) टक्क्यांची एका जागची बेरीज २४० च्या आत ठेवावी लागते, आणि ५० टक्के जागा व्यापणारे शाईचे ठिपके पसरून ७५ टक्क्यांच्या आसपास दिसतात. चकचकीत माहितीपत्रकासाठी केलेली फाइल तशीच पाठवली की गडद निळी गाडी काळा गोळा होते. धातूची चमक तर चार शायांत येतच नाही. रंग पानावरून ठरवू नये; गाडी शोरूमच्या बाहेर उन्हात आणि सावलीत उभी करून पाहावी.

कायद्याने दिशा दिलेली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याखालच्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवा. मराठी पानावर दावा ठळक मराठीत आणि 'दाखवलेल्या वस्तू गाडीसोबत मिळतीलच असे नाही' हा खुलासा तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत, हे त्यात बसत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आपल्या जाहिरात विभागाला विनंती आहे की पुष्य नक्षत्राच्या पुरवणीपासूनच मोटारीच्या प्रत्येक जाहिरातीसोबत तीन ओळी मागाव्यात आणि मराठीत छापाव्यात : चित्र छायाचित्र आहे की संगणकचित्र, चित्रातले मॉडेल कोणते आणि त्याचीच इंदूरमधली ऑन-रोड किंमत किती, चाके, उंची किंवा लांबी बदलली आहे का. सात-आठ पॉइंटच्या टाइपात या ओळी जाहिरातीच्या एका कोपऱ्यात मावतात, आणि जाहिरात करणाऱ्याकडे ही माहिती आधीपासूनच असते.

आपले,
वाहन-छायाचित्रण आणि रीटचिंग करणारे दोन वाचक,
इंदूर