आधी मांड, मग लगाम

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

शाळांना सुट्टी लागली की घोडेस्वारीचे वर्ग भरतात. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मुलांना घोड्याची हौस असणारच, आणि ती असावीही. पण जिथे पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात लगाम दिला जातो, तिथे घोड्याचे हाल सुरू होतात.

लगामाची कडी घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, जिभेवर बसते. तिथे जबड्याच्या हाडावर नुसतं पातळ आवरण असतं. मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, पक्की नसलेलं मूल दुडकीत उसळायला लागलं की तोल सावरायला लगामालाच लोंबकळतं आणि प्रत्येक हिसका त्या हाडावर बसतो. घोडा तोंड उघडतो, मान वर फेकतो. मग त्याला अडेल ठरवून काटेरी कडी चढवली जाते! अशा टोकदार साधनांवर १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे.

चांगला शिक्षक घोडा लांब दोरावर गोल फिरवतो आणि दोर स्वतःच्या हातात ठेवतो. मुलाच्या हाती लगाम नाही, काही वेळ पायात रिकीबही (खोगिराला लटकणारा पावलाचा आधार) नाही. हात कमरेवर, आधी साधी चाल, मग दुडकी. पंधरा-वीस मिनिटं पुरे, तीही मधूनमधून दिशा बदलून, कारण छोट्या रिंगणात सांध्यांवर ताण येतो.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एका दमात करकचून आवळू नये. थोडा आवळावा, घोडा चार पावलं चालवावा, पुन्हा आवळावा आणि स्वार बसल्यावर परत तपासावा. सैल तंगाने खोगीर सरकतं, पाठ सोलते. खोगिराला लटकून चढण्यापेक्षा चौथऱ्यावरून चढावं. खोगीर उतरवल्यावर पालकांनी घोड्याची पाठ जरूर बघावी. घामाने भिजलेल्या पाठीवर तळहाताएवढा कोरडा डाग दिसला, तर बहुधा तिथे खोगीर रुततंय. मानेच्या मुळाशी पांढऱ्या केसांचे ठिपके बहुतेक वेळा जुन्या जखमांचे असतात.

वजनाचंही तसंच. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. म्हणजे ३०० किलोच्या तट्टावर फार तर ६० किलो, नवशिक्या स्वारासाठी त्याहूनही कमी. रंकाळ्यावर, पन्हाळ्यावर हौसेने घोड्यावर बसणाऱ्या मोठ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

वर्गाची फी विचारताना आणखी एक प्रश्न विचारा: लगाम कितव्या दिवशी हातात देता? उत्तर 'पहिल्याच' असं आलं, तर दुसरा वर्ग शोधा.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर