चार रस्त्यावरच्या ट्रॅफिक ब्रिगेडच्या ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताईंस, सादर नमस्कार.

पत्र जाहीर असले, तरी त्यात आपले नाव मी मुद्दाम घातलेले नाही. रोजच्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाचे नाव चारचौघांत गाजले की कौतुकाच्या पाठोपाठ चौकशाही येतात, हे मी रस्तेबांधणीच्या नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. दांडिया बाजार आणि आसपासच्या पोळांतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून, त्या चार रस्त्यावर पायी येणारे लोक आपल्याला ओळखतातच. बाकीच्या बडोदेकरांना निदान आपले काम कळावे, म्हणून आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वतीने हे लिहीत आहे.

गुजरातेत ट्रॅफिक ब्रिगेडच्या जवानाला पावती फाडण्याचा अधिकार नाही. कागद तपासणे, दंड घेणे ही कामे पोलिसांची. जवानाने त्यांना मदत करायची, म्हणजे हातात शिट्टी आणि काठी, आणि बाकी सारे समोरच्या वाहनचालकाच्या मर्जीवर. नोकरीही कायमची नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या जवानांना मोकळे करण्याचा आदेश निघाला होता आणि मग विरोध झाल्यावर तो थांबवला गेला. त्या दिवसांत, पुढच्या महिन्यात आपण येथे असू की नाही याची शाश्वती नसताना, आपण शाळा सुटण्याच्या वेळी नेहमीसारख्याच उभ्या होता. अधिकार नसलेल्या व्यक्तीने एक चौक बदलून दाखवला, ही गोष्ट ज्यांच्याकडे अधिकार आहेत त्यांनी वाचावी असे मला वाटते, म्हणून जरा तपशिलात जातो.

तो चौक पूर्वी कसा होता, हे आधी सांगितले पाहिजे. जुन्या शहरातून येणारा अरुंद रस्ता तेथे मोठ्या रस्त्याला छेदतो. एका कोपऱ्यावर शाळा, समोर बँक आणि औषधांचे दुकान, पलीकडे देऊळ आणि भाजीच्या लाऱ्या (हातगाड्या) असल्यामुळे पायी माणसाला मोठा रस्ता ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही. सिग्नल होता, झेब्रा पट्टेही होते. परंतु पट्टे रंगवणाऱ्याने ते सरळ डिव्हायडरच्या लोखंडी जाळीवर नेऊन सोडले होते. जो नियमाने पट्ट्यांवरून चालत येई, तो भर रस्त्यात जाळीसमोर अडकून पडे आणि डिव्हायडरच्या कडेकडेने, धावत्या गाड्यांना खेटून, पुढची फट शोधत जाई. ज्याला हे ठाऊक होते तो पट्टे सोडून भलतीकडूनच ओलांडत असे, आणि मग ‘लोकांना शिस्त नाही’ हे वाक्य त्याच्याच माथी मारले जाई.

सिग्नलचे दुखणे याहून खोल होते. पायी चालणाऱ्यासाठी वेगळा दिवा नव्हता. मोठा रस्ता ओलांडायचा तो अरुंद रस्त्याचा दिवा हिरवा असेपर्यंत, कारण तेवढ्याच वेळात मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या थांबलेल्या असत. अरुंद रस्त्यावर वाहने कमी, म्हणून त्याचा हिरवा दिवा थोडा वेळ. म्हणजे जो रस्ता रुंद तो ओलांडायला वेळ कमी, आणि जो अरुंद त्याला वेळ भरपूर. वाहने मोजून सिग्नल लावला आणि माणसे मोजलीच नाहीत की असे होते. सिग्नलचा हिशेब करताना पायी माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरण्याचा प्रघात आहे. चोवीस मीटर रुंदीच्या रस्त्याला त्या चालीने वीस सेकंद लागतात. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालली, तर तिला तीस लागतात. हे दहा सेकंद कागदावर किरकोळ दिसतात. रस्त्यावर ते शेवटच्या आठ मीटरांचे असतात.

आणि ते डावे वळण! कोपरा इतका मोठा गोलाई देऊन कापलेला होता की रिक्षा आणि ॲक्टिव्हा वेग न आवरता वळत. लाल दिव्यातही डावीकडे खुशाल वळावे असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे, वास्तविक तशी परवानगी देणारा फलक किंवा हिरवा बाण असेल तेथेच ती मुभा असते. वळणाची त्रिज्या जितकी मोठी तितका वळण्याचा वेग जास्त, हे रस्त्याच्या आखणीतले अगदी प्राथमिक गणित आहे. त्या कोपऱ्यालाच लाऱ्या लागत असल्यामुळे वळणाऱ्याला पायी माणूस आणि पायी माणसाला वळणारा, दोघांनाही एकमेक अखेरच्या क्षणी दिसत. शाळकरी मूल तर लारीच्या उंचीखालीच राहते. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात मुलांना ‘आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे’ असे शिकवतात. पाहिले तरी काही दिसू नये अशी व्यवस्था ज्या कोपऱ्यावर आहे, तेथे त्या शिकवणीचा काय उपयोग, हे कोणी विचारत नाही.

त्याच कोपऱ्यावर एका पावसाळी संध्याकाळी आमच्या मंडळातील एका आजींना वळणाऱ्या दुचाकीचा धक्का लागला आणि खुब्याचे हाड मोडले. गर्दी जमली, पण हात लावायला कोणी पुढे होईना. ‘पोलीस केस होईल’ ही भीती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आले. जखमी माणसाला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे ते स्पष्ट सांगते. आपण कलमाचा आकडा सांगितला नाहीत. ‘कोणाला काही होणार नाही, मी येथे आहे’ एवढेच मोठ्याने म्हणालात, एका रिक्षावाल्याला १०८ ची गाडी येईपर्यंत रस्ता अडवून उभे केलेत आणि आजींचे डोके मांडीवर घेऊन बसलात. त्या आता काठी घेऊन चालतात. त्यांनी या पत्रात आपला नमस्कार आवर्जून लिहायला सांगितला आहे.

मात्र खरे आभार मला त्यानंतरच्या महिन्यांसाठी मानायचे आहेत. अपघातानंतर हळहळणारे पुष्कळ असतात. आपण उभे राहण्याची जागा बदललीत. तोवर ड्युटीवरचे माणूस दुकानाच्या छज्जाखाली, सावलीत उभे राहून समोरून येणाऱ्या गाड्यांना हात करी. आपण सावली सोडून डाव्या वळणाच्या तोंडाशी, भर उन्हात जाऊन उभ्या राहिलात, कारण मार तेथे बसत होता. मग चौकीवरून पाणी भरलेली प्लास्टिकची लाल-पांढरी बॅरिकेड मागून आणलीत आणि ती वळणाच्या आतल्या अंगाला अशी लावलीत की गोलाई बुजून कोपरा काटकोनाच्या जवळ आला. पहिल्या आठवड्यात चालकांनी आपल्याला काय काय ऐकवले, ते बँकेच्या पायरीवर बसणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांनी ऐकले आहे. पण वेग खाली आला. वळणाऱ्याला ब्रेक दाबल्याशिवाय वळताच येईना, आणि ब्रेक दाबला की माणूस दिसतो. अशी तात्पुरती मांडणी करून पाहावी आणि ती चालली तर मग सिमेंटने पक्की करावी, ही रीत जगभरचे रस्ते अभियंते हल्ली मोठ्या खर्चाने आणि मोठ्या अहवालांनिशी राबवतात.

लाऱ्यांच्या बाबतीत आपण जे केलेत ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटले. अशा वेळी लारी-गल्ले उचलून नेण्याची मागणी लगेच होते, आमच्या मंडळातही झाली. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा २०१४ चा कायदा आहे, आणि दुसरे असे की संध्याकाळनंतर त्या लाऱ्यांचेच दिवे आणि त्यांचेच डोळे त्या फुटपाथवर असतात. आपण एकालाही हाकलले नाहीत. भाजीवाल्या बेनना झेब्रा पट्ट्यांपासून दहा पावले मागे सरकायला सांगितलेत, आणि आपले गिऱ्हाईकही पायीच येते हे त्यांना पटल्यावर त्यांनीच शेजारच्या दोघांना सरकवले.

सिग्नलच्या वेळेसाठी आपण आमच्या मंडळातील वडीलधाऱ्यांना चालवून मोबाइलवर सेकंद मोजलेत, तेव्हा मला प्रथम गंमत वाटली. मग मी टेप घेऊन रुंदी मोजायला आलो आणि आकड्यांसह अर्ज लिहून दिला. त्या अर्जाचा प्रवास मी येथे सांगत बसत नाही. एका कार्यालयाने तो दुसऱ्याकडे पाठवला आणि दुसऱ्याने पहिल्याकडे, यात नवीन काही नाही. अर्जात मी एवढे मात्र लिहिले होते की रस्त्याच्या आखणीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे कोणी दगावले किंवा कायमचे अपंग झाले, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ मध्ये आहे; आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोकळा, चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. तरीही मला वाटते की अर्जापेक्षा ती बॅरिकेड अधिक बोलली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना काय हवे आहे ते समजावून सांगावे लागले नाही. ते समोर उभे होते.

आज तेथे कोपऱ्याची कड पक्की बांधलेली आहे. डिव्हायडरची जाळी पट्ट्यांच्या रेषेत कापून व्हीलचेअर जाईल एवढी वाट केली आहे, आणि मध्ये थांबायला जागा असल्यामुळे रस्ता एका दमात ओलांडण्याची सक्ती राहिलेली नाही. अरुंद रस्त्याच्या हिरव्या दिव्याची वेळ वाढली आहे. थांबरेषा पट्ट्यांपासून मागे घेतली आहे, जरी तिच्या अलीकडे थांबण्याची सवय अजून सर्वांना लागायची आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांप्रमाणे पट्ट्यांवर पायी माणसाला आधी जाऊ देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. पण ते कोणाला वाचायला वेळ आहे? केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. इतक्या माणसांना कोणाच्या बेशिस्तीने मारले याची चर्चा खूप होते. कोणत्या कोपऱ्याने मारले याची होत नाही.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवसाचा उल्लेख राहून जाऊ नये. बडोद्यात त्या दिवशी माणसांची नजर आभाळात असते आणि तुटलेल्या पतंगामागे मुले रस्ता न पाहता धावतात. सुट्टीच्या त्या दिवशी आपण शाळेच्या कोपऱ्यावर लूटलेले पतंग स्वतःजवळ ठेवून घेत होता आणि जो पट्ट्यांवरून चालत येईल त्यालाच परत देत होता. असली युक्ती कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

एक काम राहिले आहे आणि ते आपल्या हातात नाही, म्हणून येथे लिहितो. रात्री सिग्नल पिवळा लुकलुकत ठेवला जातो आणि मोठ्या रस्त्यावरच्या मोटारी मोकळ्या सुटतात. ताशी ५० किलोमीटरऐवजी ६५ किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसली, तर पायी माणसाच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवरात्रात गरब्याहून मध्यरात्री परतणाऱ्या मुली आणि गणपतीत आरास पाहायला निघालेली कुटुंबे त्याच वेळी तेथून ओलांडत असतात. निदान या दोन उत्सवांत सिग्नल रात्रभर पूर्ण चालू राहावा, असे निवेदन मंडळाने दिले आहे.

या पत्राचा गुजराती मसुदा, आपल्या नावासह, आम्ही आपल्या वरिष्ठांकडे स्वतंत्रपणे पोहोचवला आहे. आपली बदली दुसऱ्या पॉइंटवर झाली, तर नव्या जवानाला डाव्या वळणाची जागा आणि शाळेच्या वेळा आधी समजावून द्याव्यात, अशी विनंतीही त्यात आहे. आपण सावली सोडून जेथे उभ्या राहता, तेथे एक पक्की छत्री उभारण्याची परवानगी मंडळाने मागितली आहे. खर्चाची वर्गणी जमली आहे, आणि तिच्यात भाजीवाल्या बेनचाही वाटा आहे. चैत्राच्या उन्हाआधी ती लागावी असा प्रयत्न चालू आहे. तिची उंची किती ठेवली म्हणजे आपल्याला चारही रस्ते दिसत राहतील, तेवढे एकदा येऊन सांगावे.

कळावे,
आपला कृतज्ञ,
ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वतीने, एक निवृत्त रस्ते अभियंता
दांडिया बाजार, बडोदे