भिंतीच्या कडेकडेनं

धुळे,
आखाजीच्या आदल्या दिवशी

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर सांगायला सुरुवात केली आणि तुला कामाचा दुसरा फोन आला. तेव्हाच ठरवलं, की हे बोलून भागायचं नाही, लिहायलाच हवं. आज दुकान बंद आहे. दोन्ही लेकी माहेरी आल्यात, मागच्या निंबाला झोका बांधलाय, आणि स्वयंपाकघरात उद्याच्या मांड्यांसाठी खापर काढून ठेवलंय. मी ओट्यावर वही घेऊन बसलोय.

दिगू, मी आपली भिंत पाहून आलो. पूर्ण नाही, पण जवळजवळ सगळी.

शाळेच्या मागं, नाल्यापलीकडं जी काळी भिंत दिसायची, तीच. सातवीत असताना तू विचारलं होतंस, "ही संपते कुठं रे?" गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, डोंगर आहे, डोंगराला काय शेवट असतो. मग एका रविवारी तुझ्या वडिलांची सायकल काढून आपण डबलसीट निघालो. पाच-सहा किलोमीटरवर बाभळीच्या काट्यानं दोन्ही चाकं बसली आणि दिवेलागणीला तुझे वडील कंदील घेऊन शोधत आले. त्यांनी तुला मारलं नाही, मला आठवतंय. नुसती सायकल खांद्यावर घेतली आणि पुढं चालायला लागले.

ती भिंत किती लांब आहे ते मला या वर्षी कळलं. ताईचा तुषार भूगर्भशास्त्र शिकतोय. त्यानं एक शोधनिबंध छापून आणला, २००७ साली प्रसिद्ध झालेला. आपल्या नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या अशा २१० भिंती संशोधकांनी त्यात मांडल्यात. शास्त्रज्ञ त्यांना डाईक म्हणतात. बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम, तापीला समांतर. सगळ्यात लांब आहे ती साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडं जाणारी, ७९ किलोमीटर! निबंधातला नकाशा मी आपल्या शाळेच्या जागेवर धरला आणि बोट ठेवलं. रेघ तिथूनच जात होती. मला थोडा वेळ काही बोलताच आलं नाही.

झालं असं, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, तेव्हा जमीन ताणली जाऊन तिला लांबच लांब भेगा पडल्या. त्या भेगांत खालून तप्त रस चढला आणि तिथंच थिजला. आजूबाजूचा खडक ऊनपावसानं झिजत गेला. भेगेतला दगड जास्त टणक, तो कमी झिजला आणि उभा राहिला. म्हणजे आपण डोंगर समजत होतो ती जमिनीला पडलेली भेग आहे, भरून आलेली.

मग गाडीचं मनावर घेतलं. दुकानाच्या मालासाठी जुनी डबल केबिनची पिकअप घेतली होती, फोरव्हीलची, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी. त्या फोरव्हीलचा दांडा मी वर्षात दोनदा ओढत असेन, तोही पावसाळ्यात शेतात. ती तयार केली. खाली इंजिनला पत्र्याचं संरक्षण, दोन स्टेपन्या, साठ लिटर पाणी, फावडं, ओढायचा पट्टा, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर. आणि आपण जैसलमेरला गेलो होतो तेव्हा शिकलेलं सगळं पुन्हा आठवून काढलं. तिथल्या सम गावच्या वाळूत त्या ड्रायव्हरनं आपल्या गाडीची हवा निम्म्यावर आणली होती आणि तुला वाटलं होतं हा टायर फाडणार. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. चढावर मध्येच थांबायचं नाही, उतारावर गाडी सरळ ठेवायची, ब्रेक दाबायचा नाही, आणि चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच पाय काढायचा. हे चारही धडे इकडं उपयोगी पडले. पाचवा मात्र भिंतीनंच शिकवला. वाळवंटात एकदा कमी केलेली हवा दिवसभर चालते, इथं नाही. नाल्याच्या वाळूत १८ पौंड, आणि बाहेर आलं की लगेच परत ३०. कारण भिंतीच्या पायथ्याला जे तुकडे पडलेले असतात त्यांना कुऱ्हाडीसारखी धार असते. मऊ टायरची बाजू ते उभी चिरतात. पहिल्याच दिवशी एक स्टेपनी त्यात गेली.

साक्रीकडची बाजू सोडून अलीकडून सुरुवात केली. का सोडली ते शेवटी सांगतो. मी, तुषार, आणि दुसऱ्या दिवशी वाटेत भेटलेले एक ठेलारी मेंढपाळ बाबा. महामार्गानं साक्री ते पारोळा दोन तासांचं अंतर. आम्हाला अडीच दिवस लागले, तेही एक तुकडा सोडून. रस्ता असा नव्हताच. कुठं गाडवाट, कुठं शिवरस्ता, कुठं नाल्याचं पात्र, कुठं नुसता माळ. भिंत कधी माणसाच्या कमरेएवढी, कधी तीन मजली, कधी पाव किलोमीटर गडपच होते आणि पुढं पुन्हा काळ्या मातीतून डोकं काढते. ती गडप झाली की तुषार नकाशा पाहायचा आणि मी झाडं. जिथं काळी माती संपून खडा लागतो तिथं कपाशीचं रान संपतं आणि हिवर, बोर, निवडुंग सुरू होतं. तीन वेळा भिंत मला झाडांवरून सापडली. पिकात गाडी घालायची नाही हे आधीच ठरलं होतं. बांधावर माणूस दिसला की उतरून विचारायचं. एकानंही नाही म्हटलं नाही. उलट प्रत्येकानं आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात?" भिंतीच्या शेवटाला, असं सांगितलं की हसायचे नाहीत. विचार करायचे. एक म्हातारी म्हणाली, मी सासरी आले तेव्हापासून रोज बघते, पण पलीकडं काय आहे ते ठाऊक नाही.

विहिरींचं एक सांगतो. एका शिवारात भिंतीच्या वरच्या अंगाला विहिरीत एप्रिलमध्ये पाणी होतं, हिरवा चारा होता. खालच्या अंगाला शंभर पावलांवरची विहीर खडखडीत. जमिनीखाली वाहणारं पाणी भिंतीला अडतं, वरच तुंबतं. जमिनीच्या पोटातला बंधारा! तिथला शेतकरी म्हणाला की आजोबांनी वाटणी करताना दोन्ही भावांना वरची थोडी-थोडी आणि खालची थोडी-थोडी जमीन दिली. त्यांनी कुठला निबंध वाचला होता?

एके ठिकाणी मी तासभर नुसता बसून होतो. नाल्यानं भिंत मधोमध कापलीय, त्यामुळं तिचा छेद समोर दिसतो. दगड सहा-सात कोनांच्या खांबांत तडकलाय, पण खांब उभे नाहीत, आडवे. वखारीत लाकडाची थप्पी रचलेली असावी आणि आपण ती टोकाकडून पाहावी, तसं दिसतं. रस दोन्ही बाजूंच्या थंड खडकाकडून निवत आत आला, म्हणून खांब बाजूंना काटकोनात पडले, असं तुषारनं सांगितलं. त्यानं माझा हात धरून आधी भिंतीच्या कडेवर ठेवला आणि मग मधोमध. कडेचा दगड पाट्यासारखा गुळगुळीत, एकजीव. तो झटकन निवला, कण धरायला त्याला वेळच मिळाला नाही. मधला रवाळ, बोटाला टोचणारा, हळूहळू निवलेला. डोळे मिटूनही फरक कळत होता. तुझी फार आठवण झाली तिथं.

रुतलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी, बोरीला मिळणाऱ्या एका नाल्यात. वाळू वरून घट्ट दिसली. मी खाली उतरून चाललो, पाय रुतला नाही, आणि पायावरून गाडीचा अंदाज बांधला. चूक माझी. हवा न काढता घातली. निम्म्यात पुढचं चाक बसलं, फोर लो, म्हणजे चारही चाकांचा सावकाश पण जास्त ताकदीचा गिअर टाकला, तरी मागची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत खाली गेली. ऊन डोक्यावर, बॉनेटवर हात ठेवणं अशक्य. तेव्हा ते ठेलारी बाबा आले. मेंढरं हिवराच्या सावलीला बसवली आणि आले. गाडीकडं पाहिलं, मग आमच्याकडं, आणि न बोलता काठावरच्या शेताकडं गेले. तिथं कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. मालकाला हाक मारून विचारलं आणि दोन कवळे घेऊन आले. आम्ही चाकांपुढची वाळू फावड्यानं उतरती केली, हवा १५ वर आणली, पऱ्हाट्या आडव्या अंथरल्या. फोर लो, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर अंगठ्याएवढा दाब. पऱ्हाट्या कडकड मोडत गेल्या आणि गाडी त्यांच्यावरून एखाद्या म्हशीसारखी सावकाश उठली. तुषारनं मागून आरोळी ठोकली. मी काठावर पोचेपर्यंत श्वास रोखून होतो.

बाबांनी पुढचा सगळा दिवस आमच्याबरोबर घालवला. मेंढरं नातवाकडं दिली. तीस वर्षं ते भिंतीच्या दोन्ही अंगांनी कळप नेताहेत, कुठं खिंड आहे ते त्यांना पाठ. मी एका चढावर गाडी घालायला निघालो तर हात आडवा केला. "अठून नही. फुढे खिंड शे." आणि खरंच दोन शेतांनंतर गाडीच्या रुंदीएवढी खिंड होती, मेंढरांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. त्याच खिंडीपुढं, गोट्यांच्या पात्रात, त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. मला काहीच दिसेना. चाकापासून दोन हातांवर टिटवीची चार अंडी होती, गोट्यांच्याच रंगाची, टोकं आत करून मांडलेली. टिटवी वर ओरडत घिरट्या घालत होती. आम्ही मागं घेतली आणि लांबून वळसा घातला. बाबा मात्र गप्प झाले. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असा त्यांचा ठोकताळा. यंदा तिनं पात्रातच घातलीत.

आता जे सांगायचं मन होत नाही ते. धुळ्याच्या पुढं एका ठिकाणी भिंत नाही. झिजून गेलेली नाही, नेलेली आहे. खाण लागलीय. दोनशे पावलांची मोकळी जागा, खाली हिरव्या पाण्याचं डबकं, शेजारी खडीचं क्रशर, आणि आसपासच्या निंबाच्या पानापानावर पांढरी भुकटी. मी गाडी बंद करून उतरलो. बराच वेळ काही सुचलं नाही. दगड नेऊच नये असं मी म्हणणार नाही दिगू, माझ्या घराचं जोतं त्याच दगडाचं आहे आणि तुझ्याही वाड्याचं. त्या क्रशरला लागणारे पट्टे माझ्याच दुकानातून गेलेत. पण साध्या बेसॉल्टचे डोंगर चहूकडं पडलेत. साडेसहा कोटी वर्षांची, नकाशावर नोंद असलेली भिंत फोडून खडी कशाला करायची? परत आल्यावर तुषारनं सगळ्या फोटोंवर जागा आणि तारीख घातली. आम्ही दोघं मिळून एक अर्ज तयार केलाय. निदान शाळेमागचा आणि त्या आडव्या खांबांचा, असे दोन तुकडे तरी जपून ठेवावेत, एवढंच त्यात मागितलंय. तुझी सही हवीय. शाळेत तू वर्गाचा सेक्रेटरी होतास, मराठी तुझी माझ्यापेक्षा चांगली, तेव्हा मसुदा पाहून दे.

पूर्वेचं टोक आम्ही पाहिलं. पारोळ्याच्या बाजूला भिंत बुटकी होत जाते, मग नुसती गोट्यांची ओळ उरते, आणि एका केळीच्या बागेच्या बांधाशी ती ओळ काळ्या मातीत जाते. गाजावाजा काही नाही. मी बांधावर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. बाबांना पारोळ्याच्या स्टँडवर सोडलं. पैसे घेतले नाहीत, मेंढरांसाठी मिठाचं पोतं तेवढं घेतलं.

साक्रीकडचं टोक मुद्दाम राखून ठेवलंय. विचारलं होतंस तू, मग निम्मं उत्तर तुझ्याशिवाय कसं बघू? पावसाळ्यात काळ्या मातीत चाक घालण्यात अर्थ नाही, आणि दिवाळीनंतर कपाशीची वेचणी असते, बांध मोकळे नसतात. जानेवारीच्या शेवटी ये. थंडी असेल, भरिताची वांगी असतील. बाबा त्या सुमाराला साक्रीच्या बाजूलाच असतात, नातवाचा फोन नंबर घेऊन ठेवलाय.

वहिनींना नमस्कार सांग. काकूंना माझा दंडवत. त्यांना सांग, काकांनी ज्या जागेवरून सायकल खांद्यावर घेतली ती बाभूळ आता नाही, पण जागा मी ओळखली.

आणि येताना जैसलमेरला घेतलेला तो हवेचा गेज घेऊन ये. माझ्या गेजचा काटा २० च्या खाली अडकतो.

तुझा,
मधू