व्हॅलेंटाइन, नेब्रास्काहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबा बोलता बोलता गप्प झाले आणि "घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकला, तेव्हाच ठरवलं की हे सगळं नीट लिहूनच सांगायचं.

नोकरीच्या करारावर सही केलीये. तीन वर्षं, चेरी काउंटी, गाव व्हॅलेंटाइन. डॉक्टरकीचं ट्रेनिंग संपलं की दोन वर्षं भारतात परत यायचं या व्हिसाच्या नियमावर तुम्ही किती भिस्त ठेवून होतात ते मला माहितीये, वरची खोली रंगवून घेतलीत तेही दादाने सांगितलं. पण डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की ती अट माफ होते, आणि अशा जागा एका राज्याला वर्षाला फक्त 30 मिळतात, त्यातली एक मला मिळाली. तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून घेतली नाही, आई, खरंच नाही. आत्ता दोन वर्षांसाठी आले असते तर परत सगळं पहिल्यापासून, आणि कर्ज अजून आहेच, आणि बाबांनी ते कशासाठी काढलं होतं हे मी विसरलेले नाही.

आणि खरं सांगू, पैशाचं आणि व्हिसाचं बाजूला ठेवलं तरी मला इथेच राहावंसं वाटतंय. बाबा, तुम्ही एव्हाना नकाशा उघडला असेल. आपला अख्खा पुणे जिल्हा जेवढा, जवळपास तेवढी ही एकटी काउंटी, आणि 2020च्या जनगणनेत माणसं किती, तर 5,455! आपल्या जिल्ह्यात 2011लाच 94 लाख होती. काउंटीच्या पश्चिम भागात घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे, त्यामुळे अपॉइंटमेंट देताना आधी विचारायचं, कुठल्या बाजूला राहता. मागच्या आठवड्यात एक आजोबा आले, गायीने लाथ मारून बरगड्या मोडलेल्या, आणि आधी उरलेली गुरं आत घेतली, मग सत्तर मैल स्वतः गाडी चालवत आले. बुटातून वाळू सांडत होती. एक्स-रे होईपर्यंत मला पाऊसपाण्याचं सांगत बसले. अप्पाच आठवले. अशा माणसाला सोडून मोठ्या शहरात दहावी डॉक्टर व्हायला जाऊ का, तुम्हीच सांगा.

वाळू म्हणजे इथे सगळीकडे वाळूच आहे, सँडहिल्स म्हणतात, मैलोन्‌मैल टेकड्या आणि वर नुसतं गवत. 1904 साली सरकारने कायदा करून माणशी 640 एकर फुकट दिली, लोक हौसेने आले, नांगर घातला, गवत निघालं आणि खालची वाळू उडायला लागली, कित्येक जण सोडून गेले. 1907 पासून कृष्णवर्णीय कुटुंबांनी नॉर्थ लूप नदीकाठी डेविटी नावाची वस्ती वसवली होती, शाळा काढली होती, तीही 1930च्या दशकात उठली. आता रस्त्याकडेला माहितीचा एक फलक आहे. मी गाडी थांबवून वाचला तेव्हा पोटात तुटलं. आणि त्यांच्याही आधी ही लाकोटा या इथल्या मूळ आदिवासी लोकांची जमीन, ते आता सीमेपलीकडे साउथ डकोटात रोजबड नावाच्या त्यांच्या राखीव भागात राहतात. त्यांच्यावर नजर ठेवायला बांधलेल्या फोर्ट नायोब्रारा या लष्करी ठाण्याच्या जागेवर 1912 पासून अभयारण्य आहे, तिथे सहा बायसनपासून सुरू केलेला कळप चरतो. टिकले ते रँचवाले, म्हणजे माळावर गुरं पाळणारे, कारण त्यांनी गवत जपलं. वसंतात वासरांना डाग द्यायचे असले की आजूबाजूचे सगळे मदतीला येतात, आपल्याकडच्या इर्जिकीसारखे, आणि मग एकत्र जेवतात. मी जाते तेव्हा बटाट्याची भाजी करून नेते. घरात मांस शिजत नाही, तू काळजी करू नकोस.

आई, तुला सगळ्यात आवडेल ते इथलं पाणी. पाऊस बेताचाच, पण पडतो तो वाळूत मुरतो आणि खाली ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे. माळावर एकटी पवनचक्की फिरत असते आणि गुरांच्या टाकीत पाण्याची धार पडत असते. तू रात्री दोनला उठून टँकरच्या लाइनीत कळशा लावायचीस आणि मला उठवायची नाहीस, ते आठवून मी त्या टाकीत हात घालून उभी राहिले होते. 

थंडी आहे, खोटं कशाला बोलू. पण घर उबदार आहे, शेजारच्या आजी रोज संध्याकाळी माझा लाइट लागला का बघतात. कुकर, मिक्सर, तूरडाळ, कांदालसूण मसाला सगळं आहे, दहीसुद्धा लागतंय. ओमाहा तीनशे मैल आहे पण तिकडे गेले की किराणा भरून आणते आणि देवळातही जाऊन येते.

बाबा, तुम्ही आलात की दोन गोष्टी दाखवायच्यात. गावाबाहेर नायोब्रारा नदीवर रेल्वेचा जुना पूल आहे, दीडशे फुटांच्या आसपास उंच, रूळ काढून आता त्यावरून पायवाट केलीये. आणि दक्षिणेला नॉर्थ प्लॅटला बेली यार्ड, जगातलं सगळ्यात मोठं रेल्वे यार्ड. दौंडच्या यार्डात तुम्ही मला खांद्यावर घेऊन वाघिणी मोजायला लावायचात ना, इथे मोजता मोजता जेवायची वेळ होईल. 

आता ऐका दोघंही. बाबांनी तीन महिन्यांची शुगर पुढच्या आठवड्यात करायचीच, रिपोर्टचा फोटो मला, दादाला नाही, तो बघत नाही. रात्री स्कूटर बंद. आई, थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या, चहानंतर नाही, आणि गुडघ्याचे व्यायाम टीव्हीसमोर बसून केले तरी चालतील पण कर. वरच्या खोलीला कुलूप लावू नका, मुलांना तिथे अभ्यासाला बसू दे. पासपोर्टचे फॉर्म मी भरते, तुम्ही फक्त फोटो काढून ठेवा, आणि बाबा, या वेळी दाढी करून.

तुमची,
मनू