खलनायिकेची बाजू मांडायला कुणीच का उरले नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपरहीरोंच्या मालिकांविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून लिहून येते आणि खलपात्राची बाजू प्रेक्षकाला पटू लागली की मालिका प्रगल्भ झाली, असा त्या लेखनाचा साधारण सूर असतो. हा सूर मला अपुरा वाटतो. २०२१ साली आलेली ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ ही मार्व्हलची सहा भागांची मालिका मी नातवाच्या आग्रहाखातर यंदाच्या उन्हाळ्यात पाहिली (मे महिन्यात तळोद्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही, हेही एक कारण), आणि तिच्या शेवटच्या भागाबद्दल माझी तक्रार आहे.

थॅनोस या महाखलनायकाने निम्मी जीवसृष्टी नाहीशी केली आणि पाच वर्षांनी ती परत आली, हे या कथाविश्वाच्या प्रेक्षकांना ठाऊक आहेच. मधल्या काळात ओस पडलेल्या देशांनी आपल्या सीमा उघडून परक्यांना घरे दिली, कामे दिली. गेलेली माणसे परतताच त्याच परक्यांना उठवून छावण्यांत ठेवण्यात आले आणि त्यांची व्यवस्था पाहण्यासाठी एक जागतिक परिषद नेमली गेली. कार्ली मॉर्गेनथाऊ ही या विस्थापितांची कोवळ्या वयाची पुढारी आणि मालिकेची खलनायिका. १९८५ च्या मूळ कॉमिकमधला ‘फ्लॅग-स्मॅशर’ हा खलनायक एका मुत्सद्द्याचा मुलगा होता. मालिकाकारांनी त्याच्या जागी छावणीतली मुलगी आणली, ही त्यांची निवड मला मनापासून आवडली.

आवडण्याचे कारण घरचेच आहे. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबे तळोदा परिसरातील पुनर्वसन वसाहतींत आली आणि अशाच एका वसाहतीच्या शाळेत मी नोकरीची बरीच वर्षे काढली. प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये ‘जन्मस्थळ’ या रकान्यात वडील सांगतील ते गाव लिहायचे, त्याप्रमाणे मी ते लिहीत असे. एका मुलाला पुढे बारावीनंतर कुठल्याशा कार्यालयाने दाखला परत केला, कारण त्यावरचे गाव त्यांच्या यादीत सापडत नव्हते. तो दाखला घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, दुसरं कुठलंही गाव लिहून द्या, पण यादीतलं द्या.” रजिस्टरमधले जन्मस्थळ बदलण्याचा अधिकार मला नव्हता, आणि असता तरी कोणते गाव लिहायचे, हे मला कळले नसते. माणसे कुठे राहतात यापेक्षा ती कोणत्या कागदावर आहेत याला मोल आल्यावर जी चीड येते, ती कार्लीच्या बोलण्यात मला ओळखीची वाटली.

म्हणूनच पटकथेने तिला जे करायला लावले ते खटकते. तिचे म्हणणे पटू लागले की लगेच तिच्या हातून कुणाचा तरी जीव घेतला जातो. तिसऱ्या भागात बांधून ठेवलेल्या माणसांसकट ती एक इमारत उडवते. अखेरच्या भागात परिषदेच्या सदस्यांना ओलीस धरते आणि माणसांनी भरलेल्या वाहनाला आग लावते. हिंसेचे समर्थन मला करायचे नाही. माझी तक्रार लेखकांच्या सोयीविषयी आहे: तिने माणसे मारली की तिच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी उरत नाही. आमच्याकडच्या लोकांनी मणिबेलीत सत्याग्रह केला, १९९९ साली डोमखेडीत धरणाच्या चढत्या पाण्यात उभे राहिले, आणि एवढे करूनही कुणाचे घर जाळले नाही. विस्थापिताची मागणी रंगवायची तर त्याच्या हाती स्फोटके द्यावीच लागतात, हे मला मान्य नाही.

शेवटी मालिकेचा नायक सॅम विल्सन, म्हणजे पंखधारी फाल्कन, तिच्याशी लढायचे नाकारतो, हे चांगलेच आहे. पण ती त्याच्यावर पिस्तूल रोखते, शेरॉन कार्टर या माजी गुप्तहेर बाईच्या गोळीने पडते आणि मरता मरता माफी मागते. तिचा देह हातांवर घेऊन सॅम पंख पसरून खाली उतरतो. हे दृश्य नितांत सुंदर आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठी लबाडीही त्यातच आहे. त्यानंतर तो सत्ताधाऱ्यांना सुनावतो, या लोकांना दहशतवादी म्हणणे थांबवा असे बजावतो आणि निर्णय घेताना तुमच्या खोलीत कोण असते, ज्यांच्यावर परिणाम होणार ती माणसे असतात की तुमच्यासारखेच आणखी काही जण, असेही विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. मात्र तो विचारला जातो तेव्हा त्या गर्दीत विस्थापितांच्या वतीने बोलणारा एकही माणूस नाही. कॅमेऱ्यासमोर फक्त नायक आहे आणि तिचा मृतदेह.

तिचे पकडले गेलेले साथीदार तरी न्यायालयात काही बोलतील, अशी आशा मला होती. तुरुंगातल्या झेमो या दुसऱ्या खलपात्राच्या माणसाने त्यांची गाडी स्फोटात उडवली आणि तो विषयच संपला. नातवाने विचारले, “आजोबा, मग छावणीतल्या लोकांचं काय झालं?” मी त्याला थोडे थांबायला सांगितले, कारण भाग अजून संपलेला नव्हता. पुढे काही मिनिटांनी लुईझियानात पाण्याकाठी मेजवानी सुरू झाली, मुले सॅमच्या भोवती खेळू लागली, आणि नातू पाणी प्यायला आत निघून गेला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
तळोदा, जि. नंदुरबार